खिडकीकडची फळी

४ सप्टेंबर

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर आपलं काही होत नाही म्हणून लिहितेय. तू म्हणतोस "बरं आहे", मी म्हणते "माझंही बरं आहे", मग तू "बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. मागच्या वेळी मी घड्याळ लावलं होतं. चाळीस सेकंद.

काम आहे. तुला माहीतच आहे, इथे आम्हाला कृत्रिम पाय आणि आधाराचे पट्टे करायला शिकवतात. हातकामात मी वर्गात पहिली आहे. पण भाषेच्या पेपरात गेल्या वर्षी आपटले, आणि यंदा परत आपटले तर हातकाम कितीही चांगलं असलं तरी वर्ष गेलं. आमच्या भाषेच्या सरांना आम्ही चाळण म्हणतो. त्यांच्या हातून खडा सुटत नाही.

त्यांना आता वर्गीकरणाचा निबंध हवाय. एक मोठी गोष्ट घ्यायची, तिचे गट पाडायचे, एकेक गट उदाहरणं देऊन समजवायचा. वाटतं सोपं. पण गट पाडायचा निकष एकच हवा. कुठलीही गोष्ट दोन गटांत बसता कामा नये आणि एकही बाहेर उरता कामा नये. "इतर" नावाची पिशवी चालणार नाही. आणि सर म्हणतात, "हे गट कुणाच्या तरी उपयोगाचे हवेत. नाहीतर तुम्ही नुसतं कपाट आवरलंत."

मी "मैत्रिणींचे प्रकार" लिहून दिलं होतं. अभ्यासू, खादाड आणि झोपाळू. त्यांनी खाली लिहिलं, "माझी मुलगी या तिन्हींत बसते. तिला नक्की कुठे बसवू?"

मग मला मामीची भिंत आठवली. तयार बूट ज्यांना होत नाहीत अशा माणसांचे बूट ती करायची, आणि प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा जपून ठेवायची. कालबूत म्हणतात म्हणे त्याला. आपण घरात नुसतं "पाय"च म्हणायचो. एकशे चोवीस जोड, तीन फळ्या. बाहेरच्याला तो पसारा वाटायचा, पण ती न बघता हात वर करायची आणि हवा तो पाय हातात यायचा. म्हणजे काहीतरी निकष होताच. मी कधी विचारला नाही. लहान असताना मला वाटायचं, भिंतीपलीकडे माणसं बसली आहेत आणि त्यांनी पाय इकडे काढलेत.

तू मला त्या भिंतीचा नकाशा काढून पाठव. कुठल्या खुंटीवर कुणाचा पाय, एवढंच. निकष मी शोधते. तू पाण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोंदी केल्यास, तुला हे अवघड नाही. निबंध २० ऑक्टोबरला द्यायचाय. त्या दिवशी तिला जाऊन पाच महिने होतील, हे मी मुद्दाम नाही ठरवलं.

जेवतोस ना वेळेवर?

तुझी,
मुंगी


९ सप्टेंबर

चि. मुंगी,

पत्र मिळालं. जेवण वेळेवर असतं.

तुझ्या सरांचं म्हणणं बरोबर आहे. आमच्याकडेही पाण्याच्या नमुन्यांचे गट पाडताना निकष एकच असे. विहिरीचं पाणी आणि गढूळ पाणी असे दोन गट केले, तर गढूळ विहिरीचं काय करायचं, हा प्रश्न नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात पडत असे.

सोबत तक्ता पाठवतो आहे. सर्व एकशे चोवीस जोडांची नोंद त्यात आहे. क्रमांक, मालक, स्त्री की पुरुष, लांबी, रुंदी, लाकूड, कुठे चामड्याचे तुकडे चिकटवून उंची वाढवली आहे ते, आणि शेरा. मालकांची नावं मापाच्या वहीवरून लावली. त्यात प्रत्येकाच्या पायाची रेघ काढलेली आहे, तिच्यावर साचा ठेवून पाहिला. मांडणी लांबीप्रमाणे, लहानाकडून मोठ्याकडे आहे. निकष एकच, कोणी दोनदा नाही, कोणी बाहेर नाही. तुझ्या निबंधाला पुरेल असं वाटतं.

ऑक्टोबरअखेर हे सगळे साचे एक बूट करणाऱ्या बाई नेणार आहेत. त्या पलीकडच्या रस्त्यावर दुकान काढत आहेत, तुझ्या मामीच्या गिऱ्हाइकांचं कामही पुढे त्याच पाहतील.

बाकी बरं आहे.

तुझा,
मामा


१४ सप्टेंबर

प्रिय मामा,

तक्ता सुंदर आहे. रुळानं रेघा मारल्यास. मी भिंतीवर लावला तर खोलीतल्या मुली म्हणाल्या, "तुझे मामा छापखान्यात आहेत का?"

पण मी नकाशा मागितला होता. यात माझ्या पायाच्या वर गाण्याच्या बाई आहेत आणि खाली शिंपीणबाई, कारण तिघींची लांबी सारखी. शिंपीणबाई माझ्या शेजारी कधीच नव्हत्या. त्यांचा पाय दाराजवळ असायचा, दार जोरात उघडलं की तो हलायचा आणि मामी म्हणायची, "बघ, आल्या भांडायला." माझा पाय खिडकीकडे होता, मामीच्या स्टुलाच्या डोक्यावर. एवढं मला पक्कं आठवतं. बाकीचं नाही.

तू असं कर, त्या खोलीत उभा राहा आणि जे दिसतं ते दाराकडून लिहीत जा.

मामा, तू पाय खाली तर काढले नाहीस ना?

मुंगी


१८ सप्टेंबर

चि. मुंगी,

काढले आहेत.

नवीन बाईंनी निरोप पाठवला होता की कोणत्या मापाचे किती साचे आहेत ते कळवा. मी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सकाळी स्टूल घेऊन सुरुवात केली आणि रविवारी संध्याकाळी संपवलं. सगळे जमिनीवर ओळीने मांडले, मोजले, पुसले, आणि मापाप्रमाणे सात खोक्यांत भरले. त्या दोन दिवसांत बरीच भूकही लागली. मे महिन्यानंतर इतकं सलग काम मी केलं नव्हतं. खोकी भरून झाल्यावर मी फळ्यांकडे पाहिलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तक्त्यात आठ रकाने आहेत. जागेचा रकाना नाही. एकतीस वर्षांत एकही बाटली कुठून आली ते लिहिल्याशिवाय मी आत घेतली नाही, आणि इथे तेवढंच राहिलं.

आठवून लिहायचा प्रयत्न केला. दोन दिवस. अकरा खुंट्या आठवतात, त्यातल्या तीनबद्दल खात्री नाही. सव्वीस वर्षं मी संध्याकाळी त्याच खोलीत बसत होतो, पण माझ्यासमोर वर्तमानपत्र असे. तुला पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं. तक्ता पाहून तुझं भागेल असं वाटलं.

तुझं नुकसान झालं. मला वाईट वाटतं.

मामा


६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

अठरा दिवस लिहिलं नाही. रागावले होते. तू पुसलेससुद्धा, हे वाचून तर पत्र चुरगळलं, मग परत सरळ केलं. एकदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवला. वाटलं, तिची सगळ्या जगात एकच गोष्ट तिच्या हातची जशीच्या तशी होती आणि ती तू खोक्यांत भरलीस. हे लिहून टाकलं म्हणून आता पुढचं लिहिता येईल.

वेळ जात होता म्हणून मी तुझ्या तक्त्यावरूनच कच्चा निबंध केला. लहान पाय, मध्यम पाय, मोठे पाय. चाळणसरांनी बोलावून घेतलं.

"हे गट कोणी पाडले?"

"माझ्या मामानं."

"आणि साचे कोणाचे?"

"मामीचे."

"मग मामींनी कसे पाडले होते?"

मी म्हटलं, ते आता कळायचा मार्ग नाही. ते म्हणाले, "मग ही यादी आहे. यादी खोटी नाही, पण हिच्यावरून बूट करणाऱ्याला काय कळलं? पाय मोठा आहे हे त्याला पाय बघूनही कळतं." आणि कागद परत दिला. चौदा दिवस उरलेत.

काल मी तक्ता भिंतीवरून काढायला गेले. काढता काढता दिसलं. मामा, तुझ्या तक्त्यात पहिला रकाना क्रमांकाचा आहे, आणि तो एक, दोन, तीन असा जात नाही! सगळ्यात वर ८८ आहे, मग १७, मग १०३. लांबीप्रमाणे लावताना तू नवीन क्रमांक दिले नाहीस. म्हणजे हे क्रमांक आधीचे आहेत. ते कधी घातलेस? काढताना? आणि काढलेस कसे, हाताला येतील तसे, की एका टोकापासून?

उलट टपाली कळव. फोन केलास तरी चालेल, पण चाळीस सेकंदांत ठेवायचं नाही.

मुंगी


११ ऑक्टोबर

चि. मुंगी,

फोन केला नाही, कारण आधी काम पुरं करावं असं वाटलं.

तुझं बरोबर आहे. आमच्याकडे बाटली आली की आधी क्रमांकाची चिठ्ठी, मग बाकी सगळं. ती सवय हाताला आहे, डोक्याला नाही. स्टूल मी दाराशी ठेवलं होतं. एक जोड काढायचा, चिठ्ठी चिकटवायची, खाली ठेवायचा, पुढचा. एक फळी संपली की दुसरी. मधे कुठलाही सोडला नाही, मला सोडवत नाही. क्रमांक हीच जागा होती. ती महिनाभर माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होती.

परवा खोकी उघडली. फळ्यांवरच्या खुंट्या मोजल्या. दाराकडे एक्केचाळीस, मधे छप्पन्न, खिडकीकडे सत्तावीस. बेरीज एकशे चोवीस. दीड दिवसात सगळे पुन्हा टांगले. शिंपीणबाई ६, दाराच्या अगदी जवळ. तू १२०, स्टुलाच्या वर. तुझी आठवण खरी होती.

मग मी निकष शोधत बसलो. वय नाही, आजार नाही, नावाचं पहिलं अक्षर नाही, पहिल्या मापाची तारीखही नाही. सगळं तपासलं.

काल संध्याकाळी बसवाले आले. निवृत्त झालेले ड्रायव्हर, क्रमांक १४, दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी हाड वाढलेलं. साचे जाणार असं ऐकून ते स्वतःचा पाय बघायला आले होते. दारात उभे राहूनच म्हणाले, "काय हो, मी अजून उंबऱ्यालाच का?"

मी विचारलं, "तुमची जागा तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक म्हणजे! मी भांडलो होतो त्यावरून. म्हटलं, बाई, सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्याची धूळ माझ्या पायावर, आत घ्या की. तर म्हणाल्या, तुम्ही दारातच बरे. बूट नुसता हातात घेतला की तुम्ही ओरडता, अजून पायात घातलेला नसतो. ही सगळी फळी तसल्यांची आहे. तुमचं ऐकायचं, हो हो म्हणायचं, आणि आठ दिवस काही करायचं नाही."

"मग?"

"मग काय, आठव्या दिवशी बूट मऊ! दर वेळी. मी लाजेनं सांगायला येत नसे. पण त्यांना कळायचंच, मी आलो नाही म्हणजे बसला."

मधल्या फळीचं त्यांनीच सांगितलं. ती खरं बोलणाऱ्यांची. दुखतं तिथे बोट ठेवतात, नेमकं तेवढंच सैल करायचं. "आणि ही?" मी खिडकीकडे हात केला.

ते म्हणाले, "त्यांच्याबद्दल बाई फार बोलत नसत. एवढंच म्हणाल्या, ते माझ्या हाताशी हवेत. ते दुखलं तरी 'बरं आहे' म्हणतात."

ते गेल्यावर मी तिच्या स्टुलावर बसून पाहिलं. तिथून रस्ता कोपऱ्यापर्यंत दिसतो. गाण्याच्या बाई नवीन बूट घालून "छान झालेत, काही त्रास नाही" म्हणून निघाल्या की ती हातातलं काम ठेवून खिडकीत उभी राहत असे, आणि बाई कोपऱ्यावर पोचायच्या आत हाक मारून त्यांना परत बोलवत असे. मला वाटायचं ती हवा खायला उभी राहते. ती त्यांचं चालणं बघत होती.

मापाची वही पुन्हा पाहिली. काही नावांपुढे बारीक "परत" लिहिलेलं आहे. असे पंचवीस जण आहेत, पंचवीसही खिडकीच्या फळीवरचे. उरलेली दोन नावं घरातली आहेत, त्यांना परत बोलवायची गरज पडत नसावी.

नऊ दिवस आहेत. लिहायला पुरतील.

मामा


२४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पास! आधी हे.

निबंध सोबत आहे, माझ्या अक्षरात, म्हणून भिंग घेऊन बस. निकष एक: माणूस आपल्या दुखण्याबद्दल जे सांगतो त्यावर किती विसंबायचं. गट तीन: आधीच ओरडणारे, नेमकं सांगणारे, बरं आहे म्हणणारे. आणि प्रत्येक गटाशी बूट करणारीनं काय करायचं तेही लिहिलंय, थांबायचं, ऐकायचं, किंवा खिडकीत उभं राहायचं. चाळणसरांनी वर्गात वाचून दाखवला. वाचताना त्यांनी एकदा पाणी प्यायलं, आणि मागच्या बाकावरच्या दोघी माझ्याकडे बघून "खिडकी, खिडकी" करत होत्या. आता माझं नावच पडलंय.

माझ्या गटाबद्दल मला शंका नव्हती. मी आठ वर्षांची असेन. डावा पाय आखूड म्हणून त्या बुटाला जाड तळ लावला होता. मी म्हटलं, "बरं आहे." जेवायला बसले तेव्हा मामी खाली वाकली, माझा मोजा काढला, टाचेचा फोड बघितला, आणि बूट घेऊन गेली. एवढंच. आज मी रुग्णालयात नवीन पाय लावलेल्या माणसाला "कसं वाटतंय?" विचारते आणि तो "बरं" म्हणाला की त्याला दारापर्यंत चालवते. मला वाटायचं, ही माझी पद्धत आहे.

तू लिहिलंस, "उरलेली दोन नावं घरातली आहेत." नावं लिहिली नाहीस. मी तक्त्यात बघितलं. १२० मी. ११९ तू. एका खुंटीच्या अंतरावर टांगलं होतं तिनं आपल्याला.

आता सरांचा शेरा. लाल शाईत लिहिलंय: "गट तीन, निकष एक, उपयोग स्पष्ट. पण काहीही बाहेर उरू नये हा नियम आठवा. गट पाडणारी बाई स्वतः कुठल्या फळीवर?" गुण कापले नाहीत, नुसतं विचारलंय. मी एकशे चोवीस नावं दोनदा वाचली. मामीचं नाव नाही. तिचा साचा कुठे आहे, मामा?

आणि तू कसा आहेस? फोनवर विचारत नाहीये, कागदावर विचारतेय.

मुंगी


२ नोव्हेंबर

चि. मुंगी,

अभिनंदन. निबंध दोनदा वाचला. भिंग लागलं.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर असं. तिचा साचा नाही. तिचे पाय सरळ होते, तयार बूट घालायची. भिंतीवर यायचं तिला कारण नव्हतं. पण फळी विचारली असेल तर ती खिडकीकडची. फेब्रुवारीपासून ती मधेच काम थांबवून बसत होती. मी विचारत असे, ती म्हणे, "बरं आहे." मी पुन्हा वाचायला लागत असे. ती रोज कोपऱ्यापर्यंत दूध आणायला जायची. खिडकी माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर आहे. मी एकदाही उठलो नाही. डॉक्टर म्हणाले की तीन महिने आधी आला असतात तर कदाचित. कदाचित एवढंच म्हणाले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं. सरांना सांगायची गरज नाही.

नवीन बाई परवा आल्या. तिशीच्या असतील, बोलायला मोकळ्या. मी मापांचा तक्ता दिला, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मग तुझा निबंध दिला. तो त्या उभ्यानं वाचायला लागल्या आणि मधेच स्टुलावर बसल्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "अहो, हे आधी सांगायचं ना! मी सगळ्यांचंच ऐकणार होते."

मापाची खोकी मोडून आम्ही तीन नवीन केली, दार, मधली आणि खिडकी. खिडकीच्या खोक्याच्या झाकणाला आतून निबंध चिकटवला. मी तुझी परवानगी घेतली नाही. मी आधी तो उतरवून घेतला आहे, ती प्रत माझ्याकडे आहे.

शेवटी दोन जोड खुंटीवर राहिले होते. तुझा मी ठेवून घेतला. दुसऱ्या जोडाकडे बघून त्यांनी विचारलं, "हा कोणाचा?"

"माझा."

"मग तो का ठेवताय? तुमचे बूट कोण करणार?"

"आहेत ते बरे आहेत," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीचं खोकं पुढे ओढलं. झाकण उघडलं, निबंधाकडे बघितलं, बंद केलं. मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "कोपऱ्यापर्यंत जाऊन या," म्हणाल्या.

मी म्हटलं, अहो, कशाला. त्या म्हणाल्या, "जाऊन या हो."

गेलो आणि आलो. वर खिडकीकडे पाहिलं नाही. आत आल्यावर त्यांनी माझा जोड खोक्यात ठेवला आणि तुझ्या मामीच्या मापाच्या वहीत, माझ्या नावापुढे, "परत" असं लिहिलं.

तू विचारलंस, कसा आहे. डावा बूट करंगळीपाशी मार्चपासून चावतो. संध्याकाळी त्या खोलीत बसवत नाही, म्हणून स्वयंपाकघरात वाचतो, आणि तेही नीट होत नाही. जेवण वेळेवर असतं असं लिहिलं होतं, ते रोज खरं नसतं. पुढच्या बुधवारी मापाला जायचं आहे.

बरं नाही. बरं वाटेल तेव्हा तसं लिहीन.

तुझा,
मामा